घडी मोडण्याआधी

वाचकहो, नव्या साडीची घडी कोणी मोडावी याविषयी आपल्याकडे एक जुनी, गोड रीत आहे. साडी ज्या बाईची असते तिने ती स्वतः आधी नेसू नये. बहिणीला, जावेला किंवा जिच्यावर आपला जीव आहे अशा कोणाला तरी एकदा नेसायला द्यावी आणि मग आपण नेसावी. गेल्या चैत्रात माझ्या सुनेने आपली पहिली हातमागाची साडी घडी मोडण्यासाठी माझ्यापुढे धरली. त्या वेळी मला साडी नेसून दीड वर्ष झाले होते आणि पुन्हा कधी नेसेन असे मला वाटत नव्हते. ती साडी आम्ही कशी निवडली, ते आज आपल्याला सांगावेसे वाटते. आपल्यापैकी कोणी रोजच्या वापरासाठी पहिली हातमागाची साडी घेणार असेल, तर त्यातले काही उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखे कोणी म्हातारे माणूस आहे, त्यांनाही कदाचित काही सापडेल.

मी बहात्तर वर्षांची आहे. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत मी ३६ वर्षे नोकरी केली आणि ती सर्व वर्षे साडीतच गेले. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, घरातच, देवघराच्या उंबऱ्यापाशी मी पडले. अंगावर बुळबुळीत कृत्रिम धाग्याची साडी होती. निऱ्या सैल होऊन खाली आल्या, त्यावर पाय पडला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला आणि साडीच्या जागी गाऊन आला. गाऊन सोयीचा होता, हे मी नाकारत नाही. परंतु दार वाजले की मी आतल्या खोलीत जाऊ लागले. शेजारच्या बाई भेटायला आल्या तरी ‘झोपले आहे असे सांग’ म्हणू लागले. घरातल्यांना वाटे, आई थकल्या आहेत.

माझ्या आजारपणात सुनेने वर्षभर बिनपगारी रजा घेतली. मला उठवणे, न्हाऊ घालणे, चालवणे हे सारे तिने केले. त्या वर्षाचे ओझे माझ्या मनावर होते, पण त्याविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही. पुढे काही महिने तिने घरूनच काम केले. चैत्रात तिला पुन्हा कार्यालयात रुजू व्हायचे होते. त्याआधी पंधरा दिवस ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “अहो आई, मला रोज कार्यालयात नेसता येईल अशी हातमागाची साडी घ्यायची आहे. इतके दिवस घरच्या कपड्यांतच गेले. आता बाहेर पडायचे तर जरा नीट पडावेसे वाटते. प्रदर्शन लागले आहे, तुम्ही चला.”

मी तुटकपणे म्हणाले, “तुझी तू आण. मला काय विचारतेस?”

खरे कारण असे की त्या गर्दीत वॉकर घेऊन, गाऊनवर ओढणी घेऊन जाण्याची मला लाज वाटत होती. ती मात्र सहजपणे म्हणाली, “लग्नाकार्याची रेशमी साडी सोडली तर मला साडीतले काही कळत नाही. तुम्ही छत्तीस वर्षे रोज नेसून गेलात. मी आणखी कोणाला विचारू?”

वाचकहो, आजारी माणसाला दिवसभरात पुष्कळ प्रश्न विचारले जातात. गोळी घेतली का, भूक आहे का, दुखते का, पाणी देऊ का. त्या सगळ्यांमागे माया असते. पण दीड वर्षात मला प्रथमच असा प्रश्न कोणी विचारला होता, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याकडे नव्हते आणि माझ्याकडे होते. मी जायला तयार झाले.

जाण्याआधी तिला माझ्या पहिल्या फसगतीची गोष्ट सांगितली. १९७७ साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी पहिली हातमागाची साडी घेतली. तोवर आम्ही सगळ्याजणी नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या नेसत असू. धुवायला सोप्या, इस्त्रीची गरज नाही; पण उन्हाळ्यात पाठ आणि कंबर घामोळ्यांनी भरून जाई. म्हणून गर्द निळी इरकली घेतली. मूळ गाव कर्नाटकातले इलकल, पण ही साडी महाराष्ट्रात इतकी रुळली की आपण तिला आपलीच मानतो. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे वेगवेगळे असतात आणि विणकर ते एकमेकांत अडकवून जोडतो; त्यामुळे लाल रेशमी पदर मूळ साडीला शिवल्यासारखा न दिसता तिच्यातूनच उमटल्यासारखा दिसतो. त्या पदरावर मी भाळले आणि बाकी काहीच पाहिले नाही. पहिल्याच वळवाच्या पावसात निळा रंग उतरला. पांढरा परकर निळा झाला, पोटऱ्या निळ्या झाल्या आणि त्याच अवतारात मी दिवसभर खतावण्या लिहिल्या. साडी वाईट नव्हती. मी ती डोळ्यांनी निवडली, दिवसभराचा विचार करून निवडली नाही, ही चूक माझी होती.

प्रदर्शन घराजवळच्याच एका सभागृहात होते. सुनेने दुपारी दोनची वेळ निवडली, कारण तेव्हा गर्दी नसते. तिने माझ्यासाठी खुर्ची मागून घेतली. माझ्या गाऊनकडे कोणाचे लक्षही गेले नाही. विणकर गाठोडी सोडू लागले आणि साड्या माझ्या मांडीवर येऊ लागल्या.

पहिली निवड सुनेने केली. जांभळी, चांगला वीतभर जरीकाठ असलेली भरजरी साडी. मी तिला म्हटले, “खांद्यावर घे आणि या खुर्चीवर बसून दाखव.” ती बसली. “आता बसमध्ये दांडी धरतेस तसा हात वर कर. आता खाली पडलेला कागद उचल.” तिसऱ्या हालचालीला पदर घसरला आणि जरीचा काठ दंडाला घासला. ती हसली आणि साडी घडी करून ठेवली. आपणही साडी घेताना हे तीन प्रयोग अवश्य करावेत: बसून पाहावे, हात वर करून पाहावे, वाकून पाहावे. आरशासमोर सरळ उभे राहिल्यावर कोणतीही साडी चांगली दिसते. कार्यालयात मात्र आपण तसे उभे राहत नाही.

मग वजनाचा विचार केला. भरजरी रेशमी साडी किलोच्या घरात जाते; साधी सुती साडी साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असते. तासाभराच्या समारंभात हा फरक जाणवत नाही, आठ तासांत खांद्याला आणि मानेला जाणवतो. ज्यांचा खांदा आखडलेला आहे किंवा मानेचे दुखणे आहे, त्यांनी तर वजनाचाच प्रश्न आधी विचारावा.

यानंतर पोत. सूत किती बारीक आहे हे काउंटच्या आकड्यावरून कळते. आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. रोजच्या वापराला ६० ते ८० काउंटचे सूत मला बरे वाटते. शंभराच्या पुढचे सूत तलम असते, पण त्याला जपावे लागते. वेगवेगळ्या प्रांतांतल्या साड्या मी तिच्या हाताखालून घातल्या. बंगाली तांत हलकी आणि हवेशीर, पण खळ भरपूर असल्यामुळे नव्या साडीच्या निऱ्या फुगतात. कोटा डोरिया सर्वांत हलकी. मात्र ती पारदर्शक असते, आणि तिची चौकटीची विरळ वीण खुर्चीच्या खिळ्याला किंवा बांगडीला चटकन अडकते. महेश्वरीत रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असतो, त्यामुळे ती अंगाबरोबर छान पडते. नवशिक्या हातातून मात्र थोडी निसटते. आणि आंध्रातली मंगळगिरी: खड्ड्यातल्या मागावर विणलेली, घट्ट विणीची, अंगभर साधी आणि फक्त काठाला सजावट असलेली. तिच्या निऱ्या घातल्या तशा राहतात. मी ती दोन बोटांत धरली आणि मला कळले की हीच.

सुनेने विचारले, “ही हातमागाचीच कशावरून?” मी तिला साडीच्या दोन्ही कडा दाखवल्या. विणताना कापडाचा पन्हा ताणून धरण्यासाठी विणकर टोकांना अणकुचीदार खिळे असलेली पट्टी लावतो. तिच्या खुणा म्हणून काठाच्या कडेला ठरावीक अंतराने टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके दिसतात. प्रकाशासमोर धरल्यावर आडवे धागे कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ दिसले. हाताने धोटा फेकताना असे होणारच. यंत्रमागाच्या कापडात सगळे धागे एकसारखे असतात. ‘हँडलूम मार्क’ हे सरकारी चिन्ह २००६ पासून आहे, तेही पाहावे. सूत खरे की मिसळलेले अशी शंका आली, तर पदराच्या दशांतला एक धागा मागून घ्यावा आणि घरी, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची राख कागदाच्या राखेसारखी मऊ होते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते.

रंगाचा प्रयोग मी तेथेच केला. पांढरा रुमाल ओला केला आणि विणकराला विचारून साडीच्या आतल्या टोकावर घासला. रुमाल पांढराच राहिला. “१९७७ साली हा रुमाल कुठे होता?” सून म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी आम्ही औषधांखेरीज कशावर तरी बोलत होतो.

मंगळगिरीत दोन साड्या तिला आवडल्या. एक फिकी बदामी, एक विटकरी. बदामी रंगावर चहाचा एक थेंबही उठून दिसेल, म्हणून विटकरी घेतली. काठ चार बोटांचा, जर न वापरता सुताचाच विणलेला, त्यामुळे हाताला किंवा गळ्याला टोचणार नाही. लांबी साडेपाच मीटर आणि शिवाय ब्लाउजपीस. विणकराने बिल करताना माझ्याकडे पाहून विचारले, “आजी, तुम्ही विणकराच्या घरातल्या का?” मी नाही म्हणाले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होते.

साडी घेऊन काम संपत नाही. परकर आणि नाडी यांविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिकेने माझ्या कमरेवरचा काळा, जाडसर पट्टा पाहून विचारले होते, “आजी, हे काय?” मी म्हणाले, “नाडी.” पन्नास वर्षे एकाच जागी आवळलेल्या नाडीची ती खूण होती. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की माझ्या बाबतीत काळजीचे कारण नाही, पण ही सवय सोडावी. सततच्या घर्षणाने त्या जागी खाज सुटते, कातडी काळवंडते, सोलवटते. क्वचित अशी जखम वर्षानुवर्षे भरत नाही आणि फार थोड्या जणांत तिचे रूपांतर कर्करोगात होते. मुंबईचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतर घट्ट आवळण्याच्या सवयीशी संबंधित अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी कमरेला घट्ट वस्त्र बांधणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांविषयी तशीच नोंद प्रसिद्ध केली. हे दुर्मीळ आहे, म्हणून घाबरू नये. पण कमरेवरची जखम काही आठवड्यांत भरत नसेल तर घरगुती मलमे लावत न बसता डॉक्टरांना दाखवावी. परकराला दोरीसारख्या नाडीऐवजी तीन बोटे रुंद पट्टा लावावा, तो रोज थोडा वरखाली बांधावा आणि घरी आल्यावर सैल करावा. सुनेचे परकर आम्ही पहिल्यापासून तसेच शिवून घेतले. तिच्या कमरेवर माझ्यासारखी खूण उठू नये, एवढी माझी इच्छा होती.

साडीला सुती फॉल लावला. पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात, सौम्य साबणाने केली आणि सावलीत वाळवली. तांदळाच्या पेजेची अगदी पातळ खळ दिली. जाड खळ दिली की साडी खरखरीत होते आणि घडीच्या रेषेवर विरते. साडी किंचित दमट असतानाच इस्त्री केली. हे सारे मी खुर्चीत बसून सांगत होते आणि ती करत होती. पेज किती पातळ, हे मात्र सांगून कळेना, तेव्हा भांडे माझ्या पुढ्यात आले आणि मी त्यात बोटे बुडवून पाणी वाढवायला सांगितले.

रविवारी संध्याकाळी ती साडी घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “आई, घडी तुम्ही मोडायची.”

मी म्हणाले, “अगं, मी पडले तर?” दीड वर्ष मनात असलेली भीती त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. गाऊनमध्ये मी लपत होते हे खरे, पण साडीला मी भीत होते हेही तितकेच खरे होते.

तिने आधीच विचार करून ठेवला होता. मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना तिने फोन करून विचारले होते. त्यांनी काही अटींवर होकार दिला होता, त्या आपल्याही उपयोगी पडतील. साडीची खालची कड घोट्याच्या दोन बोटे वर हवी. जमिनीला टेकता कामा नये. निऱ्या आत खोचण्याआधी एकत्र टाचून घ्याव्यात, म्हणजे सुटून पायात येणार नाहीत. पदर मागे लोंबता न ठेवता पुढे घेऊन कमरेला खोचावा. पायांत पकड असलेल्या, मागून बंद चपला असाव्यात. नेसताना वृद्ध व्यक्तीने वॉकर किंवा जड टेबल धरून उभे राहावे, मध्ये दम लागला तर बसावे. आणि पहिल्या दिवशी सोबतीशिवाय चालू नये. प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते. म्हणून आपण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. माझ्या बाबतीत या अटी पुरेशा ठरल्या.

मी वॉकर धरून उभी राहिले आणि तिने मला साडी नेसवली. तिला निऱ्या नीट येत नव्हत्या, एक लहान, एक मोठी होत होती. मी एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून तिला माप दाखवले. तिसऱ्या वेळी जमले. सुताने अंगाला पकड घेतली होती. बुळबुळीत साडी चालताना सतत खाली सरकते, तसे काहीच होत नव्हते. वजन जाणवत नव्हते, काठ टोचत नव्हता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रदर्शनात आठ तासांच्या नोकरीसाठी जे गुण आम्ही शोधत होतो, तेच माझ्या मोडलेल्या खुब्याला हवे होते. हलकी, न घसरणारी, न टोचणारी, बसता-उठता साथ देणारी साडी तरुणीला दिवसभर पुरते आणि म्हातारीलाही पेलते. साडी निवडताना घरातल्या वृद्धेच्या अंगावर ती घालून पाहावी. तिचे अंग खोटे बोलत नाही.

मी दिवाणखान्यात खुर्चीत तासभर बसले. मुलगा बाहेरून आला आणि दारातच थांबला. काही बोलला नाही. चहा मात्र स्वतः करून आणला. शेजारच्या बाईंनी दार वाजवले तेव्हा मी आत गेले नाही.

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सून तीच साडी नेसून तयार झाली. खाली वाकायला मला अद्याप मनाई आहे, त्यामुळे निऱ्या धरायला तिने आरशाचीच मदत घेतली. पदर मात्र तिने माझ्या मांडीवर आणून टाकला. मी खुर्चीत बसून त्याच्या सात चुण्या घातल्या, कडेला कड जुळवली आणि खांद्यावर टाचणी लावून दिली. उशीर होत होता म्हणून ती घाईने निघाली, जाता जाता दारातून म्हणाली, “गोळी नाश्त्यानंतर घ्या बरं का, आई.”

मी हो म्हटले. आता रोज साडेआठला ती पदर घेऊन माझ्या खोलीत येते. त्याआधी मी उठून, केस विंचरून, हात धुऊन खुर्चीत बसलेली असते. दर रविवारी मी साडी नेसते. सध्या माझ्यासाठी एका फिक्या निळ्या साडीचा शोध चालू आहे. ओला रुमाल या वेळी मी स्वतः पिशवीत ठेवला आहे.